नाक्यावरचा मुराळी

"ए मेव्हण्या! जागा हायेस का घोरायलास?"

ओढ्याच्या पलीकडून दाजींची हाक आली तेव्हा मी टेकाडावर हिवराच्या सावलीत पालथा पडून पहारा देत होतो. म्हणजे डोळे मिटून देत होतो. दचकून बंदूक सावरली आणि ओरडलो, "जागा हाय! तुमच्यावरच नेम धरून बसलोय!"

"आरं मग बंदूक तरी सुलटी धर! नळी तुझ्याच पोटाकडं हाय. उद्या तुझी आक्का मला इचारील, माझ्या भावाला कुणी मारलं म्हणून. मी काय सांगू, त्याचं त्यानंच?"

नाक्याच्या ओसरीवर बसलेले जवान खदखदून हसले. मी बंदूक फिरवली. खरंच उलटी होती.

अठ्ठेचाळीस सालचा तो उन्हाळा. ओढ्याच्या अलीकडं स्वतंत्र हिंदुस्थान होता आणि पलीकडं निजामाचं राज्य. निजाम हिंदुस्थानात सामील व्हायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या मुलखातली आमच्यासारखी पोरं सरहद्द ओलांडून अलीकडं आली होती आणि कॅम्प करून राहिली होती. पलीकडचे नाके उडवायचे, हत्यारं पळवायची, हे आमचं काम. आम्ही चाळीस जण होतो. बंदुका अकरा, त्यातल्या सहा उडायच्या. माझी त्या सहांतली नव्हती.

समोरच्या बोरगव्हाणच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पाच जवान होते. अलीकडून पलीकडं जाणारा प्रत्येक गाडी-बैल अडवायचा, पोतं उसवून बघायचं आणि मनाई असलेला माल जप्त करायचा, हे त्यांचं काम. त्या पाचांतला एक गहिनीनाथ जवान, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. चांगुणाआक्का त्यांच्याबरोबर नाक्यामागच्या खोलीत राहायची. कॅम्पातली दुसरी पोरं नाक्यावर बघून शिव्या द्यायची. मी मात्र "दाजी, जेवलाव का?" म्हणून ओरडायचो. चार महिने असंच चाललं होतं.

आणि या चार महिन्यांत दर शनिवारी मी एक काम करायचो. आपल्या सरकारनं निजामाच्या मुलखात मीठ, घासलेट जाणं बंद केलं होतं. तिकडं मिठाचा खडा मिळेना, आणि चोरून नेलेलं मीठ निजामाचे नाकेच परवाना नाही म्हणून जप्त करायचे. आक्का शनिवारी ओढ्यावर धुणं धुवायला यायची. मी उंबराच्या मुळाशी दोन शेर मिठाचं गाठोडं ठेवून यायचो आणि ती ते ओल्या लुगड्याच्या पिळ्यात घालून घेऊन जायची. दोन माणसांच्या घराला आठवड्याला दोन शेर मीठ कशाला लागतं, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. म्हटलं, उन्हाळा आहे, लोणची घालत असेल.

त्या दिवशी दाजींशी माझं असं बोलणं चाललं असतानाच मागून शेटे मास्तर आले. महालिंग शेटे, आमच्या कॅम्पाचे प्रमुख. माणूस कोरडा. हसायचं झालं तरी आधी इकडंतिकडं बघणारा.

"निवृत्ती, नाक्यावरची माणसं जेवायला कधी बसतात?"

"उन्हं डोक्यावर आली की, मास्तर. पाची जण एकदम बसत्यात. बंदुका कोपऱ्यात उभ्या करून." मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चार महिने पहारा केल्याचा पुरावाच होता तो.

"बरं. उद्या जेवायला बसले की तू कमरेचं तांबडं फडकं हलवायचं. आम्ही ओढ्यात दबा धरून असू. दोन बॉम्ब आलेत. एक पुढून, एक मागच्या खोलीवर."

"मागच्या खोलीत माझी आक्का राहती, मास्तर."

"माहीत आहे. म्हणून तर तुला आज सांगतोय."

"मग... मला उद्या सकाळी जाऊ द्या. परवा आखिती हाय. मुराळी म्हणून जातो अन आक्काला घेऊन येतो."

सासरी असलेल्या बहिणीला सणाला माहेरी न्यायला जातो तो मुराळी. त्याला कुणी अडवत नाही. राज्यं दोन झाली तरी आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन्हीकडं एकच होती.

मास्तरांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "आणि तिथं जाऊन मेव्हण्याच्या कानात सांगितलंस तर?"

"न्हाई सांगणार."

"हातावर हात मार."

मी मारला.

"ऐक. उद्या उन्हं डोक्यावर आली की मी थांबणार नाही. तू आलेला असशील नाहीतर नसशील. मेव्हणा आला आणि बंदूक घेऊन आला तर त्याला कुणी बोट लावणार नाही, हा माझा शब्द. पण हल्ल्याचं तोंडातून काढायचं नाही." आणि त्यांनी तांबडं फडकं माझ्या कमरेचं काढून घेतलं.

आमची आई तेव्हा कॅम्पाच्या गावातच राहायची. तिनं चोळीचा खण, पाच कैऱ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी दिल्या. तिला काही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जावईबापूंना नीट बोल. मागच्या खेपंला तू त्यांना लंगड्या घोड्याची उपमा दिलीस म्हणं."

सकाळी न्याहारीच्या वेळेला मी ओढा उतरलो. मे महिना असूनही झऱ्यामुळं घोट्याच्या वर पाणी होतं. डोक्याला पटका, हातात गाठोडं, बंदूक नाही. नाक्याच्या आडव्या बांबूशी शरणप्पा नावाचा बिदरकडचा जवान उभा होता. तो आणि त्याचे दोघे जोडीदार मराठी मोडकंतोडकं बोलायचे आणि सगळ्या बाबतींत दाजींच्या तोंडाकडं बघायचे.

"कौन है?" त्यानं बंदूक रोखली.

"मुराळी."

त्याला शब्द कळला नाही. त्यानं गाठोडं हिसकलं, कैऱ्या हुंगल्या. तेवढ्यात दाजी बाहेर आले. उंच माणूस, मिशा चोपून बसवलेल्या, खाकी कपड्याला इस्त्री नसली तरी कडक दिसायचे.

"आरं तिच्या! ह्यो तर टेकाडावरचा शूर शिपाई! बंदूक कुठं टाकून आलास? का तिनंच तुला टाकलं?"

"आक्काला न्यायला आलोय, दाजी. आखितीला."

"कॅम्पातनं डायरेक मुराळी? वा! चांदसाब, बघा, दुष्मन पाव्हणा होऊन आलाय."

चांदसाब जमादार नाक्याचे मुख्य. साठीकडं झुकलेले, दाढी मेंदीनं लाल. ते बाजेवर बसून तंबाखू मळत होते. "आने दो, आने दो. बहन को लेने आया तो दुष्मन कैसा? बैठ बेटा. चहा घेतो का? साखर नाही, गुळाचा आहे."

मी बसलो. समोर आडव्या बांबूच्या खांबाची सावली पडली होती, चांगली दोन पुरुष लांब. माझं सगळं लक्ष तिच्याकडं.

आक्का पदराला हात पुशीत बाहेर आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. "वाळलास रं. तिथं खायला घालत न्हाईत का?" मग माझ्याकडं नीट बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. लहानपणी मी आंबे चोरून आलो की ती दारातूनच ओळखायची.

"आवर लवकर," मी म्हणालो. "उन्हाच्या आत निघू."

"एवढी घाई?"

"आई वाट बघायली."

"आई चार वर्सं वाट बघायली. आज दुपारचंच काय हाय?"

मी खाली बघितलं. सावली हातभर आखडली होती. आक्कानंही सावलीकडं बघितलं, मग ओढ्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. नवऱ्याकडं वळून साध्या आवाजात म्हणाली, "मी जाती. पण तुम्ही बी चला."

"मी?" दाजी हसले. "मुराळी बाईला न्यायला येतो. बुवाला न्यायला आलेला कधी बघितलाय का?"

"आज आलाय. न्हाई तर मी न्हाई जात. हितंच बसते." आणि ती खरंच उंबऱ्यात मांडी घालून बसली.

तिला उचलून नेता आलं असतं, पण पाच बंदुकांसमोर कुठं उचलून नेणार? दाजी मात्र आता हसत नव्हते. ते माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"निवरती, खरं सांग. काय शिजायलंय तिकडं?"

"काय न्हाई."

"तुझे कान तांबडे झालेत."

"उन्हानं."

"सावलीत बसलायस."

मी मान फिरवली. मग एकदम म्हणालो, "दाजी, चला ना तुम्ही. कुणी बोट लावणार न्हाई, मास्तरांचा शब्द हाय. हे राज्य काय टिकायलंय का? गावंच्या गावं पळून चाललीत. तुमच्या वरच्या अमीनसायबानं बायकापोरं कवाच हैद्राबादला धाडली."

शरणप्पा आणि त्याचे जोडीदार कान टवकारून जवळ सरकले. वर्षभर त्यांना रजा नव्हती. दाजी हो म्हणाले असते तर ते त्याच पावली निघाले असते, हे त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

पण दाजी उठून उभे राहिले आणि कमरेचा पट्टा ताठ केला. "हे बघ. माझा बाप ह्याच सरकारच्या पागेत होता. आजा होता. रझाकार काय करायलेत ते मला दिसतंय, मला डोळे हायेत. मला ते आवडत न्हाई. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटणं आमच्या घराण्यात झालं न्हाई. मरायचं तर हितंच मरीन. पुन्यांदा हा विषय काढू नको."

चांदसाबांनी मान हलवली. "बराबर बोला. नमक की बात है."

मी सावलीकडं बघितलं. आता ती काठीएवढी राहिली होती. मी हरलो होतो. मनाशी ठरवलं, काही झालं तरी परत जायचं नाही. बॉम्ब पडेल तेव्हा आक्काच्या शेजारी बसलेलं असायचं. मास्तरांना एक माणूस कमी पडेल, तेवढंच.

तेवढ्यात आक्का उंबऱ्यातून उठली आणि आत गेली. आली ती मिठाचं गाडगं घेऊन. मीठ हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात, म्हणून तिनं ते दाजींच्या पायांसमोर जमिनीवर ठेवलं.

"हेच ना खाल्लंत?"

"हेच. का?"

"कुणाचं हाय?"

"सरकारचं. तालुक्याहून शिध्याबरोबर येतं ते."

"शिध्यात मीठ माघ महिन्यापासनं आलेलं न्हाई."

दाजी बघत राहिले. "न्हाई म्हंजे? रोज कालवणात..."

"ह्यो देतो," आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली. "दर शनवारी. उंबराखाली. लुगड्यात घालून मी आणती, ह्या बांबूखालनं. तुम्ही पाठ करून बिडी वढीत असता तवा. पाची जणांचं त्याच्यावर चाललंय. तुम्हाला सांगितलं असतं तर उपाशी बसला असता, म्हणून न्हाई सांगितलं."

मला आता दोन शेरांचं कोडं उलगडलं. लोणचं कसलं, मी चार महिने अख्खा नाका जेवू घालत होतो. ज्या नाक्यावर पहारा करायचा त्यालाच.

दाजींचं तोंड उघडं पडलं. "आयला! मागच्या सोमवारी मी एका म्हातारीचं मूठभर मीठ जप्त केलं. ओढ्यात वतलं. लई बोललो तिला."

"अन घरी येऊन पिठल्यात मीठ जास्त झालंय म्हणून माझ्यावर बोललात," आक्का म्हणाली.

चांदसाबांच्या हातातला तंबाखू खाली सांडला. ते आपलं आपण वेगळं शिजवायचे, पण मीठ आक्काच्याच गाडग्यातून न्यायचे. "या अल्ला," ते म्हणाले. "मीच पंधरा दिवसांला रिपोट लिहितो, नाक्यावरून एक खडा मीठ पार झाला नाही म्हणून. अंगठा नाही, सही करतो सही!"

आणि म्हातारा हसायला लागला. पहिल्यांदा नुसती दाढी हलली, मग पोट, मग बाज करकरायला लागली. शरणप्पानं त्याला धड कळलं नसताना हसायला सुरुवात केली. त्याचे जोडीदार त्याला बघून हसले. मला हसू येत होतं आणि सावलीकडं बघून रडूही येत होतं.

फक्त दाजी हसत नव्हते. ते खाली बसले, गाडग्यात बघत. मग माझ्याकडं मान वर केली.

"म्हंजे चार महिने मी तुमचं मीठ खाऊन तुमच्यावर बंदूक रोखायलोय."

"तसंच म्हणावं लागंल," मी म्हणालो.

"आरं मग मीच बेइमान ठरलो की!"

"न्हाई दाजी, तुम्हाला ठावं नव्हतं. पण आता ठावं झालंय."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, उठले, आणि कोपऱ्यातली बंदूक घेऊन खांद्याला लावली. "चला. जमादारसाब, तुम्ही बी चला."

चांदसाबांचं हसणं थांबलं होतं. ते हळूच म्हणाले, "तू जा गहिनी. तुमचं मीठ मी खाल्लं, खरं. पण त्याच्या आधी तीस वर्षं त्यांचं खाल्लं आहे. तुझं वय पलटायचं आहे, माझं नाही. शरणप्पा, तुम तीनों भी जाव. बच्चे हैं तुम्हारे."

"अन तुम्हाला काय म्हणतील वरचे?"

"म्हणून तर मला बांधा. त्या बाभळीला, तिकडं लांब. सावली आहे तिथं. माझी बंदूकही न्या, बांधलेल्या माणसाजवळ चांगली दिसत नाही. मुराळी, तू बांध. गाठ येते का नीट?"

त्यांच्याच पटक्यानं मी त्यांना बाभळीला बांधलं. नाक्यापासून ती चांगली लांब होती, हे बघून मला हायसं वाटलं. ते सूचना देत होते, "ढिली नको, शंका येईल. अरे इतकी घट्ट पण नको, नाक खाजवायला आलं पाहिजे." आक्कानं त्यांच्या तोंडाला पाणी लावलं. पुढं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, आणि पुढच्या आखितीला चांदसाब आमच्या घरी आमरस खायला आले तेव्हा त्यांनी मनगटं पुढं करून मला सगळ्यांसमोर दाखवलं, की बघा, ह्या पोरानं कसं आवळलं होतं.

पण त्या दिवशी आमच्याजवळ वेळ नव्हता. खांबाची सावली पायाशी आली होती. आक्का आत गेली आणि डालग्यात तीन कोंबड्या घेऊन आली.

"आक्का, कोंबड्या कशाला!"

"चोरांना ठेवू का?"

आम्ही निघालो. पुढं मी, आक्काचं गाठोडं डोक्यावर घेऊन. मागं आक्का, कोंबड्यांचं डालगं कमरेवर. तिच्या मागं शरणप्पा आणि त्याचे दोघे जोडीदार, शेवटी दाजी, दोन्ही खांद्यांना दोन बंदुका. ओढ्यात उतरलो तेव्हा समोरच्या करंजांच्या जाळीत मला नळ्या चमकताना दिसल्या. चार खाकी जवान बंदुकांसह चालत येतायत, एवढंच तिकडून दिसत असणार. कुणाचा तरी घोडा ओढला गेला तर संपलंच.

मी दोन्ही हात वर केले. गाठोडं पाण्यात पडलं. "मुराळी!" मी बोंबललो. "आरं मुराळी आलाय! मारू नका! मुराळी!"

डालग्यात कोंबड्या फडफडल्या आणि ओरडायला लागल्या. जाळीतून कुणीतरी हसलं. हसण्याचा तो आवाज ऐकला आणि मी हात खाली घेतले.

मास्तर उभे राहिले. त्यांच्या एका हातात बॉम्ब होता, नारळ धरावा तसा धरलेला. शरणप्पा आणि त्याचे जोडीदार भराभर काठावर चढले आणि त्यांनी बंदुका गवतावर ठेवल्या. आक्का चढली. मी भिजलेलं गाठोडं घेऊन चढलो. मागं बघतो तर दाजी पाण्यातच उभे.

"दाजी, चला की!"

ते हलले नाहीत. काठावर चाळीस माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या दाजींनी कधी ना कधी अडवल्या होत्या, पोती उसवली होती. मी पुन्हा पाण्यात उतरून त्यांच्याजवळ गेलो.

"काय झालं?"

"निवरती," ते हळू आवाजात म्हणाले, "आजवर ह्या काठावरनं मला कुणी 'या' म्हणालेलं न्हाई. 'मर' म्हणालेत. 'बघून घेतो' म्हणालेत. मी पळून आलेला शिपाई म्हणून वर चढणार न्हाई. गोळी घाला पायजे तर. मी ह्या गावचा जावई हाय."

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी बॉम्ब शेजारच्याच्या हातात दिला, धोतराचा सोगा वर खोचला आणि वहाणांसकट पाण्यात उतरले. दाजींच्या पुढं येऊन हात जोडले. मग खाली वाकून पाण्यातल्या त्यांच्या पायांकडं बघितलं.

"पाव्हणं," मास्तर म्हणाले, "आल्या माणसाला आधी पाय धुवायला पाणी द्यायचं असतं. तेवढं आमच्याकडून राहिलं. पण तुम्ही ते आपले आपणच धुतलेले दिसतायत." इथं त्यांनी सवयीप्रमाणं इकडंतिकडं बघितलं, आणि हसले. "आता वर या. जेवणं खोळंबलीत."

दाजींनी टोपी काढून काखेत धरली आणि काठ चढले.